तुझ्यावर राज्य नाही

पैसे मोजून भिऊन यायची हौस माणसाशिवाय दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला नाही. मांजर कधी कुत्र्याच्या दारात तिकीट काढून उभं राहत नाही. माणूस मात्र रविवारी आंघोळ करून, ठेवणीतला शर्ट घालून, बायकोला शेजारी बसवून भुताचा सिनेमा बघतो आणि मध्यंतरात वडा खात खात ‘काय टरकलो राव’ असं कौतुकानं सांगतो. केतकीला हे कोडं कधी सुटलं नव्हतं, आणि नेमका अशातलाच एक माणूस तिनं नवरा म्हणून पसंत केला होता.

रणजित माळकरचं कोल्हापुरात फर्निचरचं दुकान होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तो तिला अशा एका सिनेमाला घेऊन गेला. पडद्यावर विहिरीतून ओला हात वर आला तसा अख्खा हॉल किंचाळला. केतकीनं डोळे गच्च मिटून नवऱ्याच्या दंडात नखं रुतवली.

“अगं बघ की, रबराचा हात हाय तो,” रणजित तिच्या कानाशी म्हणाला.

“मग तू का ओरडलास?”

“मजा येती म्हणून.”

“रबराला भिऊन?”

“रबर हाय म्हणूनच की. खरा असता तर तुला टाकून पळालो नसतो का?”

केतकीला हसू आलं, पण तिनं डोळे काही उघडले नाहीत. पुढं एका मोठ्या शास्त्रज्ञ बाईंनी उमेदीची वर्षं खर्चून जे सिद्ध केलं ते रणजितच्या या उत्तराहून फारसं वेगळं नव्हतं.

केतकी डबिंग करायची. कार्टूनमधल्या आया, जाहिरातींतल्या सुना, अंगाई गाणाऱ्या पऱ्या, सगळ्यांच्या तोंडी तिचाच आवाज असायचा. ऐकणाऱ्याला कुणीतरी कपाळावरून हात फिरवतंय असं वाटावं, असा आवाज. जुई झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोरगी आईचा गळा घेऊन येणार. तिनं घेतली आईची भीती. कुकरच्या शिट्टीला भ्यायची, हलगीला भ्यायची, वाढदिवसाला बोलावलेल्या विदूषकाला बघून तर ती पलंगाखाली जाऊन बसली होती. गल्लीतली पोरं तिला भित्री भागूबाई म्हणत, आणि पोरांच्या जिभेला हाड नसतं. शाळेची सहल असली की जुईला आदल्या दिवशी ताप यायचा.

“जाईल भीती जाईल तशी,” रणजित म्हणायचा. “घाई काय हाय?”

घाई केतकीला होती. आपण जन्मभर डोळे मिटून जगलो, पोरीनं तरी ते उघडे ठेवावेत, एवढंच तिच्या मनात होतं.

डॉक्टर शाल्मली रिसबूड पुण्याहून स्टुडिओत आल्या त्या आवाजाच्या शोधात. मेंदूच्या अभ्यासक, पन्नाशीच्या, बोलता बोलता समोरच्याचा चहा पिऊन टाकणाऱ्या. त्यांनी एक पट्टी बनवली होती, डोक्याला बांधायची. तिचं नाव अभयपट्टी. केतकीनं त्यांना पहिला प्रश्न विचारला तो इतकी वर्षं मनात घोळत असलेलाच.

“लोक मुळात भुताचे सिनेमे बघतात तरी कशाला?”

“सांगते,” शाल्मली म्हणाल्या, आणि केतकीच्या कपातला चहा त्यांनी उचलला. “मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक भाग असतो. तो राखणदार. हात दिसला की तो घंटा बडवतो. हात रबराचा की मांसाचा, हे बघायला तो थांबत नाही. थांबला असता तर आपले पूर्वज वाघाच्या पोटात गेले असते. छाती धडधडते, तळहात ओले होतात, अंगात पळायची ताकद येते. मग कपाळामागचा भाग सावकाश जागा होतो आणि आजूबाजूला बघतो. खुर्ची आहे, वडा आहे, शेजारी नवरा आहे. तो त्या भीतीवर शिक्का मारतो, खोटं. घंटा चालूच असते, पण आता पळायची गरज नाही. मग ती उसळलेली ताकद जाणार कुठं? तिचीच मजा होते.”

“आणि शिक्का बसला नाही तर?”

“तर ती भीती घरी येते आणि उशाशी बसते. तुमच्यासारख्यांचा शिक्का पुसट असतो. दंगलीतून, आगीतून वाचलेल्यांचा पार झिजून गेलेला असतो. त्यांना फटाका वाजला तरी घर जळताना दिसतं.”

पट्टीचं काम शिक्का पक्का करायचं. कवटीतून आत जाणाऱ्या, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी ती नेमक्या जागी आणि नेमक्या क्षणी सोडायची. पण माणूस जन्मभर डोक्याला पट्टी बांधून फिरणार नाही. म्हणून त्याच क्षणी कानावर एक ठरावीक वाक्य पडायला हवं होतं. मेंदू दोन्हींची गाठ मारतो, आणि काही दिवसांनी पट्टी काढली तरी नुसत्या वाक्यानं शिक्का बसतो. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तसलाच प्रकार, फक्त इथं पाण्याऐवजी धीर यायचा.

अडलं होतं ते वाक्यावर. ‘घाबरू नका, हा केवळ चित्रपट आहे’ असं केतकीनं नाना परींनी म्हणून पाहिलं. शिक्का किती बसला ते दाखवणारा पडद्यावरचा आलेख काही हलेना. ‘तुम्ही सुरक्षित आहात’ ऐकून तर पट्टी बांधून बसलेल्यांपैकी दोघातिघांची भीती वाढली. सरकारी पाटी वाचल्यावर होतं तसं त्यांचं झालं असावं.

अशात एक दिवस स्टुडिओच्या अंगणात पकडापकडी चालली होती. जुई सर्वांत लहान, तिला कुणीतरी शिवलं आणि आता आपल्यावर राज्य आलं म्हणून तिनं भोकाड पसरलं. केतकी खिडकीतून ओरडली, “रडू नको गं, तू कच्चा लिंबू आहेस. तुझ्यावर राज्य नाही.”

जुई गप्प झाली आणि डोळे पुसून पुन्हा पळायला लागली.

शाल्मली ताडकन उठल्या. “हेच. हेच म्हणा.”

त्यांचं म्हणणं चटकन पटण्यासारखं होतं. कच्चा लिंबू खेळात असतो, पळतो, किंचाळतो, पण त्याला शिवलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. भुताच्या सिनेमातला प्रेक्षक दुसरं काय असतो? भूत पडद्यावरच्या सगळ्यांना शिवतं, खुर्चीतल्याला शिवू शकत नाही. हे वाक्य मराठी माणसानं लहानपणी अंगणात ऐकलेलं असतं, आणि त्याचा धीर हाडात मुरलेला असतो. केतकीनं ते पुन्हा म्हटलं, पट्टी बांधलेल्या माणसाचा आलेख सरळ वर चढला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“जुईलाही घ्या,” केतकी त्याच दिवशी म्हणाली.

रणजित घरी कुरकुरला. “लहान हाय गं ती. भीती काय रोग हाय का?”

“तुला काय कळणार? तू कधी पलंगाखाली बसला नाहीस.”

पुढं केतकीनं हे वाक्य मनातल्या मनात किती वेळा परत घेतलं असेल, त्याला गणती नाही.

पट्टी बांधून जुई आठवड्यातून दोनदा बसायला लागली, आणि पोरगी खरंच बदलली. आधी कार्टूनमधलं भूत, मग माणसाचं भूत. पहिल्यांदा ती हसली तेव्हा केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई, मी भ्यालोच नाही,” कोल्हापूरच्या पोरींच्या ढंगात जुई म्हणाली. “म्हणजे भ्यालो, पण गोड वाटलं.” पुढच्या रविवारी माळकर कुटुंब पहिल्यांदा एकत्र भुताचा सिनेमा बघायला गेलं. बाप एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला, दोघं मिळून किंचाळतायत आणि हसतायत. मध्ये बसलेल्या केतकीनं डोळे मिटलेलेच होते. तिनंही पट्टी बांधून पाहिली होती, पण उपयोग झाला नव्हता. माणसाला स्वतःचा आवाज हाडांतून ऐकू येतो, शाल्मलींनी सांगितलं, त्याचा धीर त्याला स्वतःला मिळत नाही. हे त्या हसत हसत म्हणाल्या आणि केतकीही हसली.

मग एका कंपनीनं पट्टी विकत घेतली आणि ती दवाखान्यातून सिनेमागृहात आली. खुर्चीच्या पाठीतच पट्टी. भयंकर प्रसंगाच्या ऐन मोक्यावर केतकीच्या हलक्या आवाजात ‘तुझ्यावर राज्य नाही’. ज्यांनी कधी असले सिनेमे बघितले नव्हते ते म्हातारेकोतारेसुद्धा रांगा लावू लागले. रणजितनं तर बायकोच्या कौतुकापायी अख्खा गोतावळा नेला. कागलची थोरली बहीण आक्का, दुकानातले सुतार, वरच्या मजल्यावरचा तरुण डॉक्टर तेजस मगदूम, सगळ्यांना त्यानं स्वतः तिकिटं काढून दिली. “ऐका, ऐका,” काळोखात तो सगळ्यांना ढोसायचा, “आमच्या मंडळी बोलायल्यात.”

केतकीला गावात गंमत वाटायला लागली. ती भाव करायला लागली की भाजीवाली हसून कोथिंबीर फुकट घालायची. नळ दुरुस्त न करता पैसे मागणाऱ्या माणसाला तिनं फैलावर घेतलं, तर तो डोळे अर्धे मिटून ऐकत राहिला आणि “बरं वाटलं ताई” म्हणून गेला. तिच्याशी कुणी भांडेनासं झालं. आपल्या आवाजात जादू आहे असं तिला वाटलं, आणि थोडा गर्वही झाला. खोटं कशाला बोला.

त्या हिवाळ्यात ती तिघं कागलला आक्काकडं निघाली होती. ऊसतोड जोरात होती. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले, गाणी लावलेले ट्रॅक्टर रस्त्यानं डुलत चालले होते. रसवंतीपाशी गाडी थांबवली तेव्हा एका ट्रॉलीतून उसाचं कांडं रस्त्यात पडलं आणि जुई ते उचलायला पळाली. पडलेला ऊस पळवायची मजा त्या भागातल्या कुठल्या पोराला ठाऊक नाही? मागून दुसरा ट्रॅक्टर येत होता. वळणावर होता, ड्रायव्हरला पोरगी दिसत नव्हती.

“जुई, ट्रॅक्टर! पळ!” केतकी जिवाच्या आकांतानं ओरडली.

जुई वळली. तिनं ट्रॅक्टर बघितला, मग आईकडं बघितलं. तिचे डोळे मोठे झाले, ओठ किंचित उघडले आणि गालावर हसू आलं. सिनेमात भूत आलं की याच तोंडानं ती बघायची. ती रस्त्याच्या मधोमध उसाचं कांडं हातात धरून उभी राहिली.

“पळ! जुई, पळ बाळा!”

जुईचं हसू वाढलं.

“ए जुई!” चरकाच्या घरघरीत केतकीचं ओरडणं ऐकू न आलेल्या रणजितची आरोळी आली. तशी पोरगी दचकली आणि उडी मारून बाजूला झाली. ट्रॉलीचं चाक त्या कांड्यावरून गेलं. रस्त्यावर रस सांडला. रणजितनं लेकीला उचललं तेव्हा ती थरथरत होती आणि बापाच्या खांद्यावरून आईकडं गोंधळून बघत होती.

“आई, मला वाटलं खोटाय,” ती म्हणाली.

शाल्मलींनी तपासण्या केल्या. या वेळी त्यांनी चहाला हात लावला नाही.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “आम्ही ज्यांच्यावर चाचण्या केल्या, त्यांनी तुमचा आवाज फक्त पट्टी बांधूनच ऐकला होता. तुम्ही त्यांना कधी जेवायला हाक मारली नव्हती. मला वाटलं, मेंदू वाक्य शिकतोय. तो आवाज शिकला. तान्ह्या बाळालासुद्धा आधी आवाज कळतो आणि मग शब्द. हे मला सुचायला हवं होतं.”

“म्हणजे मी काहीही बोलले तरी?”

“तुम्ही काहीही बोललात तरी तिचा मेंदू शिक्का मारणार. खोटं. तिचाच नाही, ज्यांनी ज्यांनी पट्टीबरोबर तुमचा आवाज ऐकला त्या सगळ्यांचा.”

“हे काढता येत नाही?”

“उलटं शिकवावं लागेल. तुमचा आवाज ऐकला की दर वेळी तिला खरोखर काहीतरी इजा व्हायला हवी. पुन्हा पुन्हा, महिनोन्महिने.”

केतकी खुर्चीवरून उठली.

“नाहीतर गप्प राहा,” शाल्मली मागून म्हणाल्या. “न ऐकल्यानं कदाचित पुसट होईल. खात्री देत नाही.”

कंपनीनं आवाज बदलला, जुनी ध्वनिमुद्रणं पुसून टाकली. केतकीनं डबिंग सोडलं आणि घरात बोलणंही सोडलं. ती फोनवर लिहायची आणि फोन ते सपाट आवाजात वाचून दाखवायचा. रणजितनं त्या आवाजाला बँकेतली बाई असं नाव ठेवलं होतं. “बँकेतली बाई म्हणती, भात लागलाय,” असं तो जेवताना म्हणायचा आणि जुईला हसवायचा. हळूहळू त्यालाही फोनची गरज उरली नाही. केतकीच्या भुवया बघून तो सांगायचा, “आई म्हणती, अभ्यासाला बस. आई म्हणती, केस विंचर.” बारीकसारीक रागसुद्धा तो बरोबर ओळखायचा. केतकी जे बोलली नाही ते सगळं त्या वर्षांत रणजितच्या तोंडून बाहेर पडलं. पोरीला आई होती ती बापाच्या आवाजातली.

परीक्षेच्या आधी जुई कधी कधी आईजवळ येऊन बसायची. “एकदाच बोल ना. पोटात गोळा आलाय.” केतकी मान हलवायची आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहायची. वरचा तेजससुद्धा जिन्यात भेटला की चेष्टा करायचा, “वहिनी, एक शब्द तर टाका. दिवस बरा जाईल.” तिला त्याचा राग यायचा, आणि राग बोलून दाखवायची सोय नव्हती.

असं करत जुई चांगली उंच झाली. तिला पुन्हा थोडी थोडी भीती वाटू लागली होती, पालीची, अंधाराची, गणिताच्या बाईंची. ते बघून केतकीला धीर यायचा. पुसट होत असेल, ती स्वतःला सांगायची. एक दिवस मी तिला नावानं हाक मारीन आणि ती नुसतीच ‘काय?’ म्हणेल.

रविवारची दुपार होती. जुई चित्रकलेच्या वर्गाला गेली होती. जेवण झाल्यावर रणजित पानाचा डबा घेऊन बसला आणि सुपारी कातरता कातरता थांबला. त्यानं अडकित्ता खाली ठेवला.

“मटण बाधलं वाटतं,” तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. मग त्यानं डावा हात छातीशी धरला आणि भिंतीला टेकून खाली सरकला.

केतकीनं त्याचा चेहरा बघितला आणि ती जिना चढून वर धावली. फोन खाली राहिला. इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलेली बाई त्या दिवशी विसरली. आपल्या माणसाचा जीव जाताना दिसला की कुणाला आपले नेम आठवत नाहीत.

“तेजस भावजी! ह्यांच्या छातीत दुखतंय! लवकर चला!”

तेजस बशीतून चहा पीत टीव्हीवर सामना बघत होता. त्यानं वळून बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर छान, निवांत हसू पसरलं.

“हो का? आलोच वहिनी. बसा की.”

“बसायला वेळ नाही! घामाघूम झालेत, हात धरलाय छातीशी!”

“घाम आलाय? डावा हात का?” तो डॉक्टर होता, प्रश्न सगळे बरोबर विचारत होता. “मग बघायलाच पाहिजे.” त्यानं बशीत उरलेला चहा ओतला आणि फुंकर मारली. “बॅग कुठं ठेवली बघतो. तुम्ही काळजी करू नका.”

केतकी ओरडत राहिली. तिनं त्याचा दंड धरला, पाय धरले, रणजितचं नाव घेऊन आक्रोश केला. ती जितकी ओरडे तितका तो सैलावत जाई. त्यानं बॅग शोधली, चपला शोधल्या, टीव्ही बंद केला. दाराशी येऊन तो म्हणाला, “किती दिवसांनी बोललात वहिनी. बरं वाटलं.”

तेव्हा तिला कळलं. तिनं तोंड गच्च मिटलं, ओट्यावरचं स्टीलचं ताट उचललं आणि ते जिन्याच्या लोखंडी कठड्यावर सगळ्या ताकदीनिशी आदळलं. पुन्हा आदळलं, पुन्हा आदळलं. तेजस दचकला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गळून पडलं. ताट बडवणाऱ्या, तोंड मिटलेल्या त्या बाईकडं त्यानं एकदा बघितलं, हातातल्या चपला भिरकावल्या आणि अनवाणी तीन तीन पायऱ्या उतरत खाली धावला.

रणजितची छाती तो बराच वेळ दाबत राहिला. मग त्यानं हात काढले आणि तिथंच फरशीवर बसला.

“मला कळत होतं वहिनी,” तो म्हणाला. “शप्पथ, सगळं कळत होतं. फक्त खरं वाटत नव्हतं.”

तिनं त्याला दोष दिला नाही. द्यायचा तर बोलावं लागलं असतं.

माणसं जमायला लागली. आक्का कागलहून आली आणि भावाच्या पायांवर पडली. सुतार दाराबाहेर उभे राहून डोळे पुसत होते. जुईला काय सांगायचं, कुणी सांगायचं, हे केतकीनं तेजसला फोनवर लिहून दाखवलं. तुम्ही सांगा. मी नाही. मी सांगितलं तर तिला रडता येणार नाही, आणि बापासाठी तिनं रडायला हवं. तेवढं तरी त्याला मिळायला हवं.

खिडकीतून तिनं बघितलं. फाटकापाशी तेजस जुईशी बोलला. जुईच्या हातातली रंगांची पेटी खाली पडली आणि ती तिथं मातीतच बसली. तोंड उघडं, आवाज नाही. खरी, अख्खी भीती. ती बघताना केतकीला क्षणभर वाटलं, पोरगी शाबूत आहे. असं वाटल्याची तिला लाज वाटली.

जुई घरात आली, बापाकडं बघितलं आणि आईला येऊन चिकटली. तिनं आईच्या दंडात नखं रुतवली.

“आई, बोल.”

केतकीनं मान हलवली.

“मला माहितीये बाबा गेला. मला सगळं कळतंय. मला फक्त ते वाटायला नको. आई, बोल ना, काहीपण बोल. एकदाच.”

केतकीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. नखं आणखी आत गेली. जुईचं अंग थडथडत होतं, दात वाजत होते, आणि ती कानाशी एकसारखी पुटपुटत होती, बोल ना, बोल ना. केतकी समोर बघत राहिली. रणजितचा हात चादरीबाहेर आला होता. दंडाचा तो भाग दिसत होता, जिथं एकदा अंधारात तिनं नखं रुतवली होती आणि त्यानं रबराचा हात हाय म्हणून सांगितलं होतं. आता तसं सांगणारं कुणी नव्हतं. पदर गळून पडला आणि तिनं हंबरडा फोडला.

तो हंबरडा खोलीभर गेला. पायांशी पडलेल्या आक्कानं मान वर केली. तिचं रडणं अर्ध्यावरच थांबलं, तिनं डोळे पुसले, भिंतीला टेकली आणि एक मोठा, समाधानाचा सुस्कारा सोडला. दाराशी उभ्या सुतारांचे खांदे खाली आले. कोपऱ्यात डोकं धरून बसलेल्या तेजसनं डोळे मिटून मान मागं टाकली. कुणीतरी हलकेच पंखा लावला. मयताच्या घरात नव्या बाईनं पाऊल टाकलं की आधीच्या बायका तिच्या गळ्यात पडून पुन्हा रडतात, दुःख वाटून घेतात, अशी आपली रीत. केतकीच्या गळ्यात पडायला कुणी उठलं नाही. सगळ्यांना बरं वाटत होतं.

“रडा गं कुणीतरी,” केतकी आक्रंदली. “माझ्याबरोबर रडा. आक्का, तुमचा भाऊ गेला हो.”

आक्कानं प्रेमानं मान डोलावली.

सगळे कच्चे लिंबू झाले होते. राज्य तिच्या एकटीवर आलं होतं, आणि आता ते कुणावर द्यायची सोय नव्हती.

दंडातली नखं सैल झाली. जुईचं थरथरणं थांबलं. तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, पाय पोटाशी घेतले आणि समोर झोपलेल्या बापाकडं ती मोठ्या डोळ्यांनी बघू लागली. तिच्या गालावर हसू आलं. केतकीनं ते बघितलं आणि आवाज आवरायचा प्रयत्न केला. तो आवरला तसं ते हसूही विरलं आणि पोरीचे ओठ पुन्हा थरथरू लागले.

“थांबू नको ना आई,” जुई म्हणाली. “रड असंच. बरं वाटतंय.”

मग केतकी थांबली नाही.